पाण्यावर तवंग पसरून बाष्पीभवन कमी कसे करावे: नवख्यांसाठी

एक हेक्टर पाण्याची पातळी बाष्पीभवनाने १ मि.मी. उतरली, की १०,००० लिटर पाणी गेले. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत पातळी रोज ७-८ मि.मी. सहज उतरते. तळे आच्छादनाने झाकले तर यातले बहुतेक पाणी वाचते. पण आच्छादनाचा सगळा खर्च आधीच करावा लागतो, आणि ते एकदा घातले की गरज असो नसो, वर्षभर तिथेच राहते. तवंगाचे उलट आहे. तो पाणी कमी वाचवतो, पण पैसे खर्चायचे ते फक्त ज्या आठवड्यांत पाण्याची खरी ओढ असते तेव्हाच.

यात तवंग पसरणे हे सोपे काम आहे. वाऱ्यात तो टिकवणे आणि पाणी खरोखर वाचले का ते मोजणे, सगळी मेहनत यातच जाते. बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो तोही इथेच, कारण पूड टाकून झाल्यावर काम संपले असे त्यांना वाटलेले असते.

हा तवंग कसला

सिटाइल अल्कोहोल आणि स्टिअरिल अल्कोहोल हे दोन पदार्थ या कामात सर्वाधिक वापरले गेले. नावात अल्कोहोल असले तरी दोन्ही मेणचट, पांढरे आणि घन असतात. सिटाइल साधारण ४९ अंश सेल्सिअसला वितळते, स्टिअरिल ५८-५९ अंशांच्या आसपास. क्रीम आणि लोशनमध्ये ते वर्षानुवर्षे वापरात आहेत. सिटाइलच्या रेणूत १६ कार्बन अणूंची सरळ साखळी असते, स्टिअरिलच्या रेणूत १८ अणूंची. साखळीच्या एका टोकाला पाण्याशी जमणारा गट असतो आणि बाकी साखळी पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे पृष्ठभागावर हे रेणू दाट पेरलेल्या गव्हासारखे एकमेकांना खेटून उभे राहतात. या थराची जाडी एकाच रेणूएवढी, म्हणजे साधारण २ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातला एक. पृष्ठभागावरचे रेणू असे उभे राहतात हे अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९१७ साली मांडले. १९३२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते पृष्ठभागांवरच्या कामासाठीच.

वाफ अडते ती या दाटीमुळे. दाटी सैल झाली की थर असूनही नसल्यासारखाच. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीचे कारण या एका गोष्टीत आहे.

स्वयंपाकाचे तेल का चालत नाही, हा पहिला प्रश्न हमखास येतो. तेल पाण्यावर झकास पसरते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. ते वर्णन १७७४ साली छापून आले. पण लाटा शांत होणे वेगळे आणि वाफ अडणे वेगळे. तेलातल्या बऱ्याचशा साखळ्या मध्येच वाकलेल्या असतात. वाकड्या साखळ्या दाटीने उभ्या राहत नाहीत आणि वाफ मधून निसटते. तेव्हा तेल, डिझेल, रॉकेल यांच्या वाटेला जाऊ नका. पाणी खराब होईल आणि बाष्पीभवनही फारसे थांबणार नाही.

माल

सिटाइल पटकन पसरते, पण वाफेला थोडे कमी अडवते. स्टिअरिल जास्त अडवते, पण पसरायला सुस्त. म्हणून दोन्हींचे मिश्रण घ्यावे. सिटोस्टिअरिल अल्कोहोल या नावाने ते तयारच मिळते. पाकिटावर शुद्धता लिहिलेली असते, ती वाचूनच घ्या. आखूड साखळीचे किंवा तेलकट घटक थोडे जरी मिसळलेले असले तरी थराची दाटी मोडते. स्वस्तातला अशुद्ध माल दुप्पट टाकून ही उणीव भरून निघत नाही, कारण अशुद्धीही दुप्पट होते.

साबण किंवा डिटर्जंट हा तवंगाचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याचे रेणू पृष्ठभागावर जागा बळकावतात आणि थर मोडतो. ज्या बादलीत कपडे भिजवले ती या कामात आणू नका.

आधी ट्रेमध्ये करून बघा

तळ्याकडे जाण्याआधी हा प्रयोग कराच. फारसे काही लागत नाही आणि तवंग कसा वागतो ते डोळ्यांना दिसते.

एकसारखे दोन पसरट ट्रे घ्या, साधारण ३० बाय ४० सें.मी.चे. ते घासून, गरम पाण्याने बऱ्याच वेळा खळबळून घ्या. दोन्हींत सारखे पाणी भरा. आता कापराच्या वडीचा बारीक चुरा नखाने एका ट्रेत टाका. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर कापराचे कण गरगर फिरू लागतात, इकडून तिकडे धावतात. नुसते पडून राहिले तर पाण्यावर आधीच कसला तरी चिकट थर आहे. अशा वेळी ट्रेच्या रुंदीएवढी स्वच्छ कागदाची पट्टी पाण्याला टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा आणि मळ कडेला लोटून टिपून घ्या. ही युक्ती जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स यांची. विद्यापीठाचे तोंडही न पाहता त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या पन्हाळीत पृष्ठभागाचे मोजमाप केले, आणि १८९१ साली त्यांचे पत्र 'नेचर'मध्ये छापले गेले.

कापूर फिरत असतानाच सिटोस्टिअरिलची एक पापडी पाण्यावर ठेवा. थोड्याच वेळात फिरणारे कण अडखळतात, मंदावतात आणि जागच्या जागी थांबतात. पापडी जशीच्या तशी दिसत असते, तिच्यातून काही निघाल्याचे दिसत नाही, पण पाणी बदललेले असते. लॉर्ड रेली यांनी १८९० साली कापूर थांबायला किती तेल लागते ते मोजून अशा थराची जाडी काढली होती. आजही याहून स्वस्त चाचणी नाही.

आता दोन्ही ट्रेंतले पाणी बदला. एकात पापडी टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींची वजने घ्या, उघड्यावर सावलीत शेजारीशेजारी ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा वजन करा. या आकाराच्या ट्रेतून ५ मि.मी. पाणी उडाले तर वजन ६०० ग्रॅमने घटते, म्हणजे साध्या काट्यावरही फरक कळतो. दुसऱ्या दिवशी ट्रेंच्या जागांची अदलाबदल करा.

बंद खोलीत हा प्रयोग केला तर फरक अगदीच कमी दिसतो आणि लोक निराश होतात. हवा साचलेली असली की पाण्यावरची दमट हवाच वाफेला अडवून धरते, तिथे तवंगाने आणखी अडवण्यासारखे थोडेच उरते. मंद वारा वाहू लागला की ती दमट हवा निघून जाते आणि तवंगाचे काम सुरू होते. थोडक्यात, अजिबात वारा नसला तर तवंगाचा उपयोग कमी, जोराचा वारा असला तर तवंगच उरत नाही. मधली झुळूक हवी.

तळे जोखा

ट्रेमध्ये जे जमले ते तळ्यात जमेलच असे नाही. पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

वारा: पाण्यावरचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो. ताशी १० कि.मी.चा वारा असेल तर तवंग तासाला ३०० मीटर जातो. १०० मीटर लांबीचे तळे तो वीस मिनिटांत पार करून पलीकडच्या काठाला जमा होतो. वारा ताशी २०-२५ कि.मी.च्या पुढे गेला की लाटा फुटतात, तवंग पाण्यात घुसळला जातो, आणि त्या काळात टाकलेला माल वाया जातो. दिवसभर सुसाट वारा असणाऱ्या उघड्या माळावरच्या तळ्यासाठी हा उपाय करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकार: काही गुंठ्यांपासून दोन-चार हेक्टरपर्यंतचे तळे एका माणसाला सांभाळता येते. उंच बांध किंवा झाडांचा आडोसा असेल तर उत्तमच, फक्त झाडांची पाने पाण्यात पडत असतील तर ती काढत राहावी लागतात.

पाण्याची ये-जा: पाणी सांडव्यावरून वाहत असेल तर सगळ्यात आधी तवंगच वाहून जाईल. पातळी सांडव्याच्या खाली हवी आणि उपसा तळाकडून हवा. कारंजे, हवा खेळवणारे यंत्र, पाणवनस्पतींचा थर यांपैकी काहीही असेल तर विषय संपला.

पाझर: तळे जमिनीतून गळत असेल तर आधी गळती बंद करा. तळातून निघून जाणाऱ्या पाण्यावर तवंगाचा काहीच इलाज नाही.

किती टाकायचे

एक रेणू पृष्ठभागावर सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. त्यावरून हिशेब केला तर एक हेक्टर पाणी एका थराने झाकायला जेमतेम २० ग्रॅम माल पुरतो. आकडा वाचून कोणीही हरखून जाईल. पण हा कागदावरचा आकडा आहे. काही माल काठाला लागतो, काही धुळीला चिकटतो, काही हवेत उडतो आणि काही जिवाणूंच्या पोटात जातो. त्यातून दाटी टिकवायची तर पृष्ठभागावर थोडा शिल्लक साठा तरंगत राहायला हवा, म्हणजे थर फाटला की त्यातून भरून निघतो.

सुरुवात तिपटी-पाचपटीने करा, म्हणजे एका खेपेला हेक्टरी ६० ते १०० ग्रॅम. उदाहरणार्थ, ५० बाय ४० मीटरचे तळे २,००० चौरस मीटरचे. त्याला कागदोपत्री ४ ग्रॅम पुरतील, तुम्ही १२ ते २० ग्रॅम टाका. पुढचे प्रमाण तळे स्वतःच शिकवते.

वारा नसला तरी थर फार दिवस राहत नाही. पाण्यातले जिवाणू त्यावर पोसतात आणि गढूळ, कोमट, शेवाळलेल्या पाण्यात तर फारच झपाट्याने. एक ते तीन दिवसांनी पुन्हा टाकावे लागणार हे गृहीत धरा.

टाकायचे कसे

नवख्याने पुडीपासून सुरुवात करावी. पापड्या आधी फ्रिजमध्ये चांगल्या गार करून घ्या आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवल्या तर भांडे तापते आणि पुडीऐवजी मेणाचा गोळा हाती येतो. पूड जितकी बारीक तितकी तिची कड जास्त, आणि थर पसरतो तो कणांच्या कडेकडेनेच.

नुसती पूड चिकटून गुठळ्या धरते. म्हणून एक भाग पुडीत आठ-नऊ भाग कोरडा विरलेला चुना मिसळण्याची पद्धत आहे. अशी भुकटी हाताने सहज फेकता येते आणि समान पडते. चुना डोळ्यांना आणि श्वासाला वाईट, तेव्हा चष्मा, मास्क, हातमोजे घालूनच काम करा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. एवढ्याशा चुन्याने मोठ्या तळ्याचा सामू फारसा हलत नाही, पण लहान हौदात किंवा मत्स्यबीज वाढवायच्या टाकीत चुना घालू नका.

दुसरी पद्धत तरंगत्या चौकटीची. हलक्या चौकटीला बारीक जाळीची पिशवी बांधून तिच्यात पापड्या भरा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला दोरीने नांगरून ठेवा. तवंग तिच्यातून हळूहळू सुटतो आणि वाराच तो पुढे नेतो. माणूस लागत नाही हे खरे, पण काही दिवसांत पापड्यांवर बुळबुळीत साय धरते आणि सुटणे बंद होते. दर आठवड्याला पिशवी काढून पापड्या मोकळ्या करा.

रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये विरघळवून फवारण्याचा सल्ला कोणी देईल. पसरते लवकर, पण विद्रावकाचा अंश थरात राहतो आणि दाटी सैल करतो. पाणी नासते आणि आगीची भीती ती वेगळीच.

वेळ पहाटेची. हवा पडलेली असते, तवंगाला पसरायला अवधी मिळतो आणि उन्हाच्या आधी थर बसतो. वाऱ्याकडच्या काठावरून चालत थोडी थोडी भुकटी उधळा. तळे रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या काठांवरूनही टाका. दुपारी वारा बदलला तर टाकायची बाजूही बदला.

तवंग आहे की गेला

उभ्या काठावरून तिरप्या उजेडात पाहा. जिथे थर आहे तिथले बारीक तरंग विझलेले असतात आणि पाणी तुकतुकीत दिसते. जिथे नाही तिथे खरखरीत. दोन्हींमधली रेघ इतकी स्पष्ट असते की एकदा ओळखायला शिकलात की पुन्हा चुकणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा कागदावर तळ्याचा आराखडा काढून तुकतुकीत भाग रंगवत जा. आठवडाभरात वारा तुमच्या तळ्यावर कसा फिरतो याचा नकाशाच तयार होतो.

काठाजवळच्या शांत पाण्यावर कापराचा चुराही टाकून पाहता येईल, मात्र पिण्याच्या पाण्यात तो टाकू नका. पूड टाकण्याआधीही ही चाचणी घ्या, कारण कुजलेली पाने आणि शेवाळ यांचा नैसर्गिक थरही कापराला थांबवतो. शिवाय कापूर थांबला म्हणजे थर आहे एवढेच कळते. तो वाफ अडवण्याइतका दाट आहे की नाही, हे पाण्याची पातळीच सांगेल.

पाणी वाचले का

पातळी रोज पहाटे एकाच वेळी नोंदवा. उघड्या पाण्यात तरंगांमुळे मिलिमीटर वाचता येत नाहीत, म्हणून उथळ भागात भोके पाडलेला रुंद पाइप उभा रोवा आणि पट्टी त्याच्या आत लावा. आतले पाणी स्थिर राहते. आणखी बारकाई हवी असेल तर पट्टी उभी न लावता काठाच्या उतारावर तिरपी लावा. पाच मीटरला एक मीटर उंची अशा चढावर १ मि.मी. पातळी उतरली की पट्टीवर ती साधारण ५ मि.मी. दिसते. वारा पाणी एका काठाकडे लोटतो, त्यामुळे दोन समोरासमोरच्या काठांवर मोजून सरासरी काढणे चांगले.

पण आज पातळी कमी उतरली म्हणजे तवंगाचा गुण, असे म्हणता येत नाही. आज ढग असतील, दमट असेल. त्यासाठी काठावर एक बाष्पीभवन पात्र ठेवा. प्रमाणित 'अ' वर्गाचे पात्र सुमारे १.२ मीटर व्यासाचे आणि २५ सें.मी. खोल असते. ते नसेल तर कोणतेही रुंद भांडे चालेल, फक्त शेवटपर्यंत तेच ठेवा. त्यात तवंगाचा कण जाऊ देऊ नका, पूड लागलेला हातही बुडवू नका.

आता आठ-दहा दिवस तवंगाशिवाय दोन्हींची उतरण नोंदवा. समजा, पात्र १० मि.मी. उतरते तेव्हा तळे ७ मि.मी. उतरते. मग तवंग टाकून तेवढेच दिवस मोजा. समजा, पात्र १० मि.मी. उतरले आणि तळे ५.६. वरवर पाहता बचत १.४ मि.मी., म्हणजे २० टक्के. पण त्या ७ मि.मी.मध्ये २ मि.मी. पाझर असेल तर मूळ बाष्पीभवन ५ मि.मी.चेच होते आणि खरी बचत २८ टक्के झाली. पाझराचा अंदाज दमट, निवांत, ढगाळ रात्री घ्यावा. तेव्हा बाष्पीभवन नगण्य असते आणि जी उतरण होते ती बहुतेक पाझराचीच. पाऊस पडलेले आणि पंप चाललेले दिवस सरळ गाळून टाका.

एक-दोन दिवसांच्या आकड्यावर नाचू नका, त्याला आणखी एक कारण आहे. बाष्पीभवनाने पाणी थंड होत असते. ते अडवले की पाणी थोडे तापते आणि तापलेले पाणी तवंग फाटताच आधीपेक्षा जोरात उडते. म्हणजे काल वाचवलेल्यातला काही वाटा उद्या परत जातो. तवंग असलेले आणि नसलेले दिवस मिळून हिशेब केला तरच खरे चित्र दिसते.

अपेक्षा काय ठेवावी? प्रयोगशाळेत शांत पाण्यावर निम्म्याहून जास्त बाष्पीभवन अडलेले दिसते. उघड्या जलाशयावर मात्र वारा हिशेब बिघडवतो. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या लेक हेफनरवर १९५८ साली मोठी चाचणी झाली, तेव्हा बचत ९ टक्क्यांच्या आसपासच भरली. आडोशाच्या लहान तळ्यावर, नीट लक्ष ठेवून, २० ते ३० टक्के हे चांगले काम समजावे. आपल्या २,००० चौरस मीटरच्या तळ्यावर रोज ८ मि.मी. उडत असेल तर ते १६,००० लिटर होतात आणि २५ टक्के बचत म्हणजे ४,००० लिटर. पूड, मजुरी आणि तुमचा वेळ यांची बेरीज करून लिटरमागे काय पडले ते काढा. पाणी विकत आणण्यापेक्षा ते महाग पडत असेल तर चौकट गुंडाळून ठेवा.

सांभाळायच्या गोष्टी

पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर पाणीपुरवठ्याच्या जबाबदार यंत्रणेची परवानगी आणि खाद्य दर्जाचा माल, दोन्ही हवेत. मासे असतील तर पहाटे लक्ष ठेवा. एका रेणूच्या थरातून ऑक्सिजन जातो, पण तरंग विझल्यामुळे आणि पाणी तापल्यामुळे तो थोडा कमी मिळतो. मासे पृष्ठभागाला येऊन धापा टाकताना दिसले तर काही दिवस पूड बंद करा. पाण्यावर चालणाऱ्या कीटकांनाही पृष्ठताण घटल्याचा त्रास होतो.

वाऱ्याखालच्या काठाला पांढरट साय जमते. बारीक जाळीने ती काढून घ्या, नाहीतर तिथे जिवाणूंची वसाहतच होते. तिच्यात धूळ आणि कचरा मिसळलेला असतो, तेव्हा वाचवायच्या मोहाने ती पुन्हा पाण्यात टाकू नका. उरलेल्या पापड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत, गार जागी ठेवा.